दोनशे चौदा कुणाचा

विजयश्रीला माणसं एरवी चालायची. मीटिंगमध्ये बसली की मात्र तिला त्यांची कीव यायची. नऊ वर्षांपूर्वी ती लातूरहून आली, काळेवाडीत खोली घेऊन राहिली आणि चाकणच्या एका कारखान्यात पत्रे दाबणाऱ्या प्रेस मशीनचे प्रोग्रॅम लिहू लागली. काम चोख, जीभ तिखट. त्यामुळे पगार थोडा वाढला, पद तेवढंच राहिलं.

त्या दिवशी वाद होता नंबरांचा. चौघांच्या लॅपटॉपवर प्रोग्रॅमची आपापली पूर्ण प्रत होती. एकाने बदल केला की बाकीचे तो आपल्या प्रतीत ओढून घेत, आणि बदल ज्या क्रमाने येत त्या क्रमाने ती प्रत त्यांना नंबर देई. म्हणजे विजयश्रीचा दोनशे चौदा वेगळा, मॅनेजर रविराजचा वेगळा. सगळीकडे सारखी राहायची ती फक्त त्या बदलाची हॅश, म्हणजे अक्षरं-आकड्यांची लांबलचक खूण. एवढं शेंबड्या पोरालाही कळलं असतं. रविराजने दोन तास आणि तीन चहा घालवले, तरी त्याच्या डोक्यात काही शिरलं नाही.

"हॅश ऑडिटवाल्यांसमोर बरी दिसत नाही," तो म्हणाला. "साधा नंबर हवा. माझ्या लॅपटॉपवरचा नंबर तोच सगळ्यांचा."

चौघांतल्याच ज्ञानेशने लगेच मान डोलावली. मान डोलावण्याखेरीज त्याने कंपनीत दुसरं काही केल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

"सर, हात आत असताना प्रेस थांबवणारा बदल माझ्याकडे दोनशे चौदा आहे," विजयश्री म्हणाली. "तुमच्याकडे तोच दोनशे सतरा आहे. मशीनमध्ये काय घालायचं त्या कामाच्या कागदावर लिहिलेला दोनशे चौदा माझा आहे."

"मॅडम, तुम्ही फार ताणता."

आणि हा गृहस्थ लॅपटॉप काखोटीला मारून थेट शॉपफ्लोअरवर, मशीनं चालतात तिथे गेला, स्वतःचा दोनशे चौदा मशीनमध्ये घातला आणि मागोमाग आलेल्या विजयश्रीसमोर छाती फुगवून उभा राहिला. प्रेसवर पुनावळ्याच्या सुमनताई होत्या. अकरा वर्षं त्याच मशीनवर काढूनही त्यांची दहाही बोटं शाबूत होती, आणि हे त्या अभिमानाने सांगत.

"ताई, मशीन चालू करून जरा आत हात घाला," रविराज म्हणाला. "प्रेस थांबते की नाही, मॅडमची खात्री होऊ दे."

विजयश्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्वतःच्या हट्टापायी हा माणूस दुसऱ्याची बोटं पणाला लावत होता! तिने पुढे होऊन मशीन थांबवायच्या लाल बटणावर तळवा ठेवला.

"ताई, हात घालू नका. यात तो बदल नाहीये."

सुमनताईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग त्या स्टुलावरून उठल्या आणि बाजूला सरकल्या.

"साहेब, नंबर तुमचा हाय न्हवं? मग हात बी तुमचाच घाला की."

रविराजने प्रेसकडे पाहिलं आणि दोन्ही हात पँटच्या खिशात घातले.

"मॅडम," तो म्हणाला, "तुमच्या लॅपटॉपवरचंच टाका."