कन्यादानासाठी घेतलेलं इंजेक्शन

माझ्या लग्नाआधीच्या दिवाळीपासून आमचे बाबा बसले नव्हते. चहा उभ्याने, जेवण उभ्याने, पाहुण्यांशी गप्पा दाराच्या चौकटीला टेकून, आणि थकले की सरळ आडवे. कंबरेत कुठेतरी नस दबली होती आणि बसलं की कळ उजव्या पायातून थेट टाचेपर्यंत जायची. जबलपूरच्या एका लष्करी कारखान्यात ते लेथवर होते. एकाहत्तरचं युद्ध तोंडावर आलेलं, रोज ओव्हरटाइम, सुट्ट्या बंद. मशीनपाशी उभंच राहायचं असतं, म्हणून तिथे त्यांचं बिंग फुटलं नाही.

घरी मात्र उपायांना ऊत आला. आमच्या चेरीताल मोहल्ल्यातल्या प्रत्येक बाईकडे एक खात्रीचं तेल होतं. जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या, म्हणजे पायाळू माणसाची लाथ कंबरेच्या दुखण्यावर चालते म्हणे, म्हणून आईने गोहलपुरातून एका पायाळू शिंप्याला बोलावलं. त्या भल्या माणसाने आधी हात जोडून माफी मागितली आणि मग बाबांच्या कंबरेत हळूच लाथ घातली. बाबांनी त्याला चहा पाजला, स्वतःही घेतला, उभ्यानेच. दुखणं होतं तिथेच राहिलं.

शेवटी काकांनी त्यांना राइट टाउनमधल्या एका डॉक्टरकडे नेलं. त्यांचं म्हणणं, चिरफाड नको. माकडहाडाजवळ एक इंजेक्शन देऊ, औषध दबलेल्या नसेपर्यंत पोचेल आणि सूज उतरेल. मात्र ते घ्यायचं तर लग्नाच्या आठवडाभर आधी. "उसी दिन मत लगवाइए, पैर सुन्न हो जाएगा," असं त्यांनी बजावलं होतं. आधी सुट्टी मिळेना, आणि मिळाली असती तरी बाबा गेले नसते. पाठीत सुई टोचली की माणूस लुळा होतो, हे कारखान्यात कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं होतं. दिवसभर लोखंड कापणारा माणूस सुईला घाबरत होता. मला भारी राग यायचा.

मग ठरलं की कन्यादानाला काका-काकू बसतील. माझी काहीच हरकत नव्हती. ब्लॅकआउटमुळे संध्याकाळचा मुहूर्त सोडून सकाळचा धरला होता, सासरच्यांना दुपारची गाडी पकडायची होती, आणि मला लग्न एकदाचं पार पडायला हवं होतं. पाटावर कोण का बसेना! पण कन्यादान जोडप्याने करायचं असतं. बाबा बसणार नाहीत म्हणजे आईही बसणार नाही, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आदल्या दिवशी आईने कन्यादानाला नेसायला घेतलेला नवा शालू काकूपुढे ठेवला. तूच नेस, तुला शोभेल, एवढं म्हणून ती लाडू वळायला निघून गेली. बाबा दारात एका पायावर भार देऊन उभे होते. त्यांनी ते पाहिलं.

लग्नाच्या सकाळी बाबा गायब. काका सोवळं नेसून तयार, भटजी घाई करताहेत, आणि तेवढ्यात दारात सायकलरिक्षा थांबली. डॉक्टरांच्या घरी जाऊन, हट्टाला पेटून बाबांनी इंजेक्शन घेतलं होतं. दोघांच्या खांद्यांवर हात टाकून ते मांडवात आले आणि आईला म्हणाले, "जा, शालू नेसून ये. मी बसून राहिलो न आज पाटावर."

काकूने तो अजून नेसलाच नव्हता; शालूची घडी आणून तिने आईच्या हातात दिली.

आई पाण्याची धार धरत होती आणि बाबा तिच्याशेजारी मांडी घालून ताठ बसले होते. कपाळावर एक आठी नाही. त्यांच्यावरचा माझा राग कुठल्या कुठे गेला.

त्या इंजेक्शनाचा खरा गुण पुढे काही दिवसांनी आला आणि पुष्कळ टिकला. पण डॉक्टरांनी बजावलेलं त्याच दुपारी खरं झालं. सगळे विधी आटोपले आणि बाबांना उठता येईना. उजवा पाय आहे की नाही हेच त्यांना कळत नव्हतं. बाहेर टांगे उभे होते. फौजेच्या गाड्यांमुळे ही गाडी चुकली तर पुढचीचा काही भरवसा नव्हता, आणि सासरे सारखे घड्याळ बघत होते. मुलीला निरोप द्यायला बापाने दारापर्यंत तरी यायला हवं, म्हणून काका आणि शेजारचे दोघं त्यांना काखेत धरून उचलायला लागले.

आई अजून शेजारच्या पाटावरच होती. ती म्हणाली, "बसू द्या न त्यांना. दिवाळीपासून बसले नाहीत."

सगळे थांबले. सासऱ्यांनी मनगटावरच्या घड्याळावर बाही ओढून घेतली. मी नमस्काराला वाकले होते, ती तशीच आई-बाबांपुढे खाली बसले, आणि टांगेवाल्याच्या हाका ऐकत आम्ही तिघं बसून राहिलो.