डार्सीचा पाळणा

मेंढ्या भादरताना छातीला आधार मिळावा म्हणून मी मालकाशी भांडून आमच्या शेडच्या छताला टांगते पट्टे लावून घेतले. माझ्या शेजारी भादरणारा डार्सी त्यांना ‘पाळणा’ म्हणून हिणवायचा. मग त्याची कंबर धरली. डॉक्टर नको म्हणत असताना त्याने हट्टाने एमआरआय काढला. खालच्या मणक्यांमधली चकती झिजलेली दिसली. फिल्म खिडकीला चिकटवून तो म्हणाला, “संपलं आपलं.”

स्वयंपाकीण नोरीनने फिल्म निरखली. “माझीही चकती अशीच आहे. वयाबरोबर झिजते, दुखेलच असं नाही. पायाला मुंग्या येतात? पायातला जोर गेलाय?”

“नाही.”

“मग मी मटणाचं पातेलं उचलू, की तुझ्या फोटोपाशी रडत बसू?”

सोमवारी डार्सी पट्ट्यात ओणवा होऊन भादरत होता. आम्ही हसलो नाही. नोरीनने मात्र अंगाई गुणगुणली.