आतून घातलेलं सोनं

"सोनं घालाले भेटलं, तेबी आतून! अवो डॉक्टरसाहेब, बापानं लग्नात घालतो म्हणून घातलं नाही, नवऱ्यानं भट्टी पेटली का घालतो म्हणून घातलं नाही, आन् आता तुमी घालून राहिले, तर कुठं घालून राहिले ते चार बायांत सांगता येत नाही मले!"

दवाखान्याच्या व्हरांड्यातली रांग जागच्या जागी थिजली. बंगाली डॉक्टरांना मराठीचा एक शब्द कळत नव्हता. हातातली सुई वर धरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "क्या बोलती हैं?"

"धन्यवाद बोलती हैं," मी म्हणालो.

ही माझी थोरली वहिनी. भिलाईचा कारखाना रशियन साहेबांनी उभा केला असं लोक सांगतात, सांगू देत. मी तिथं होतो. तो कारखाना वहिनीच्या आवाजाच्या धाकानं उभा राहिला. पाळीचे तीन भोंगे कारखान्याचे आणि चौथा आमच्या वहिनीचा. आमच्या खुर्सीपार वस्तीतली निम्मी माणसं चौथ्यावर घड्याळ लावत, कारण पहिले तीन कधीमधी चुकत. कुंपणात शिरलेल्या बकरीवर ती एकदा अशी कडाडली की रस्त्यानं चाललेल्या एका रशियन इंजिनिअरनं दोन्ही हात वर केले, आणि बकरी निघून गेल्यावरही बराच वेळ खाली घेतले नाहीत. दूधवाला राऊत फाटकापासून दहा पावलांवरच "पानी नइ मिलाय हंव दाई, किरिया खाथंव!" असं शपथेवर ओरडत यायचा. त्या दिवशी त्यानं खरंच पाणी घातलेलं नसायचं. घातलं असलं की तो बायकोला पाठवायचा.

आणि यातली सर्वांत चीड आणणारी गोष्ट म्हणजे वहिनीचं कधी चुकायचं नाही. उगीच भांडणाऱ्या माणसाला समजावता येतं, खरं बोलून भांडणाऱ्याचं काय करायचं? दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, झोतभट्टीवर कामाला. वितळलेल्या लोखंडाच्या ओहोळापाशी उभा राहणारा माणूस, पण घरी येताना कोपऱ्यावर थांबून कानोसा घ्यायचा. आवाज पट्टीत असला तर सायकल आत, पट्टीच्या वर गेला असला तर अजून एक चहा टपरीवर. मी टाइम ऑफिसात कारकून होतो आणि त्यांच्याच क्वार्टरच्या पुढच्या खोलीत राहत होतो, त्यामुळे मला कोपरा नव्हता.

मग एका हिवाळ्यात घर शांत झालं.

खरं सांगतो, पहिले आठ दिवस आम्ही दोघं भाऊ खूश होतो. दादा म्हणाला, "सुधारली रे बाई." बकरी आत येऊन अख्खी मेथी खाऊन गेली, वहिनी दारात बसून नुसती पाहत राहिली. राऊतानं सलग चार दिवस पाणी घातलं, पाचव्या दिवशी तोच घाबरला आणि मला बाजूला घेऊन विचारू लागला की दाईला काय झालंय. तेव्हा कुठे मी तिच्या हातांकडे पाहिलं. दोन्ही मनगटं सुजलेली, बोटांची मुळं गाठाळलेली. सकाळी अंथरुणातून उठली की ती लाकडासारखी बसून राही आणि मुठी उघडायला नऊ वाजत. चहाचा कप ती दोन्ही तळव्यांत, ओंजळीतल्या पाखरासारखा धरायची. ओरडायलासुद्धा अंगात काहीतरी लागतं, आणि तिचं सगळं अंग दुखण्याशी भांडण्यात खर्ची पडत होतं. मग आमच्यासाठी काय उरणार?

शेजारपाजार औषधं घेऊन धावला. कुणी निरगुडीचा पाला आणला, कुणी रानडुकराची चरबी. दादाच्या पाळीवरच्या एकानं मधमाश्या चावून घेण्याचा उपाय सांगितला आणि पोळं आणून देण्याचीही तयारी दाखवली. एरवी वहिनीनं त्याला पोळ्यासकट दुर्ग स्टेशनापर्यंत पळवला असता. त्या दिवशी ती हळूच म्हणाली, "ठेवा बाप्पा तिकडं." तो गेल्यावर दादा मोरीत जाऊन रडला. मी पाहिलं नाही, फक्त ऐकलं.

दवाखान्यात आधी अ‍ॅस्पिरिनच्या गोळ्या मिळाल्या, दिवसाला मूठभर. पंधरा दिवसांत वहिनी दुपारी दोनदोनदा उठून दादाचं ताट वाढू लागली. "भोंगा झाला ना? माह्या कानात तर सारखा वाजून राहिला!" गोळ्यांनी तिच्या कानांतच कारखाना उघडला होता. डॉक्टरांनी गोळ्या कमी केल्या आणि संधिवातावर देतात ती सोन्याची इंजेक्शनं सुरू केली. दर मंगळवारी एक, आणि सुईआधी दर वेळी लघवीची तपासणी, कारण सोनं मूत्रपिंडाला सोसलं नाही तर थांबवावं लागतं.

मंगळवार ही माझी साप्ताहिक सुट्टी. म्हणजे अख्ख्या भिलाईत मी एकटाच असा कारकून, ज्याचा सुट्टीचा दिवस वहिनीला सायकलवर मागे बसवून मुरमाच्या लाल धुळीतून दवाखान्यात नेण्यात जायचा. तिच्या मांडीवर पिशवी, पिशवीत लोणच्याची बरणी, आणि बरणीत काय असायचं ते मी लिहीत नाही. वाटेत ओळखीच्या बाया थांबवून विचारत, "लोणचं कोनाले?" दुखण्यानं मुकी झालेली वहिनी तेवढ्यापुरतं तोंड उघडायची. "डॉक्टराले. लय आवडते त्यायले." कंपाउंडर ते नळीत घालून स्पिरिटच्या दिव्यावर तापवी. गढूळ झालं नाही की सुई. मग डॉक्टर रक्तदाबाच्या यंत्राचा पट्टा गुंडाळून तिच्या मुठीत देत आणि म्हणत, "दबाओ." मुठीत किती जोर आहे ते पाऱ्यावरून कळायचं. पहिल्या दिवशी पारा हलला की नाही याबद्दल वहिनीचं आणि माझं एकमत झालं नाही.

तीन महिने काही झालं नाही. मला वाटू लागलं की हे सोनं पितळेचं आहे. चौथ्या महिन्यात डॉक्टरांनी पट्टा दिला तेव्हा तिनं विचारलं, "कोनाचा गळा समजू?"

मी भाषांतर केलं नाही. डॉक्टर पुन्हा म्हणाले, "दबाओ."

"भाऊजीचा समजते," वहिनी म्हणाली, आणि पारा असा सरकन चढला की मी कॉलर सैल केली.

त्याच आठवड्यात एका सकाळी सहा वाजता मी दचकून उठलो. फाटकात राऊत उभा होता आणि वहिनी त्याच्या सात पिढ्यांतल्या म्हशी मोजत होती. दादा रात्रपाळीहून येत होता. तो कोपऱ्यावर थांबला, त्यानं कानोसा घेतला, आणि पहिल्यांदाच सायकल दामटून आत आला. राऊताच्या डोळ्यांत पाणी होतं. दुधात होतं ते वेगळं. वहिनीनं अंगणातलं ओलं लुगडं उचललं, आमच्या देखत असं पिळलं की शेवटचा थेंबही बिचारा पडताना कण्हला, आणि म्हणाली, "पाहून काय राहिले? तमाशा हाय?"

पुढच्याच मंगळवारी तिनं डॉक्टरांना ते आतून घातलेल्या सोन्याचं ऐकवलं. त्यानंतर सुया आठवड्यावरून पंधरवड्यावर आल्या, आणि पुढे महिन्यावर. डॉक्टरांनी मला मुद्दाम बाजूला घेऊन सांगितलं, "बीमारी गई नहीं है, शांत हुई है. महीने की सुई बंद नहीं करना. कभी नहीं."

आता मला राग येतो तो इथून पुढचा. डॉक्टरांचा नाही, आमचा.

मी ते घरी येऊन सांगितलं. अगदी शब्दाला शब्द. पण सांगताना कदाचित मी त्यातला 'शांत' थोडा मोठ्यानं म्हटला असेन, कारण मला माझे मंगळवार परत हवे होते. आणि दादा! ज्या माणसानं आम्हाला एक गोष्ट वीस वेळा जेवताना ऐकवली होती, तो दादा! कोकचा कोळसा कमी पडला की झोतभट्टीचा वारा बंद करतात, तोंडांना माती लिंपतात, आणि भट्टी दाबून ठेवतात. बाहेरून पाहिलं तर मेलेली. एकदा एक नवा गडी तिला मेलेली समजून तिच्या तोंडाशी टॉवेल अंथरून पडला. दादानं त्याला कान धरून उठवला आणि दोन लगावल्या. "इझली नाही रे, निजली हाय! वारा बंद हाय म्हणून निजली!" ही गोष्ट सांगताना दादा स्वतःच्या शहाणपणावर दर वेळी नव्यानं खूश होत असे. त्या दादानं माझं बोलणं ऐकलं, मांडीवर थाप मारली आणि जाहीर केलं, "गेला आजार! जेवन देतो!"

आमच्या भंडाऱ्याकडे आनंद झाला की लंबी रोटी झाली पाहिजे. तिची कणीक सैल भिजवून अर्धा तास आपटायची असते, मग दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत लांबवायची आणि चुलीवरच्या उपड्या मटक्यावर पसरायची. सगळा खेळ मनगटांचा. मनगटं बरी झाल्याच्या आनंदात आम्ही दादाच्या पाळीवरची चाळीस माणसं बोलावली, आणि रोट्या करायला कुणाला बसवलं? जिची मनगटं बरी झाली तिलाच! आम्हाला वाटलं, मान देऊन राहिलो. जेवता जेवता मधमाश्यावाला म्हणाला, "आता कावून त्या सुया? निरोग्या मानसाले टोचाचं म्हंजे पाप." चाळीस माना हलल्या. वहिनीनं धुरातून विचारलं, "आन् मंगळवारचं काय?"

"मंगळवार बंद," दादा म्हणाला.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी तिसरी रोटी मागितली.

त्यानंतरचे मंगळवार मी पत्ते खेळण्यात घालवले. त्या डावांत मी एकदाही जिंकलो नाही, एवढा न्याय जगात आहे. चार महिने वहिनी दणदणत होती. पाचव्या महिन्यात एक दिवस बकरी आत आली आणि कुणी ओरडलं नाही.

मी आतल्या खोलीत गेलो. ती अंथरुणावर बसली होती, दोन्ही हात मांडीवर, जणू दुसऱ्या कुणाचे सांभाळायला ठेवलेत. दादा दारात उभा होता. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती बोलली ते इतकं हळू की आम्हा दोघांना वाकावं लागलं.

"त्या गड्याले दोन लगावल्या तुमी. निजलेल्या भट्टीच्या तोंडाशी पडला म्हणून. आन् मले तर तिच्याच तोंडाशी बसवून रोट्या करून घेतल्या. चाळीस मानसांच्या. तुमाले कोन लगावन?" मग माझ्याकडे वळून, "आन् भाऊजी, तुमाले तर डॉक्टरानं हिंदीत सांगितलं होतं. हिंदी येते ना तुमाले? का फक्त 'धन्यवाद बोलती हैं' एवढीच येते?"

म्हणजे तिला तेव्हा सगळं कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी मंगळवार नव्हता. मी बिनपगारी रजा टाकली आणि सायकल काढली. डॉक्टरांनी पट्टा तिच्या मुठीत दिला. ती म्हणाली, "आज गळा दोघांचा समजते," आणि पाऱ्याकडे पाहू लागली. तो हललाच नाही. यावर आमचं दोघांचं लगेच एकमत झालं.

पुन्हा दर आठवड्याची सुई, पुन्हा बरणी, पुन्हा "लोणचं कोनाले?" या खेपेला चार नाही, आठ महिने लागले. सोनं तेच, पण पहिल्यासारखं लागू पडेना. आवाज परत आला, तोही पूर्ण. राऊत त्याची साक्ष देईल. मात्र उजव्या हाताची दोन बोटं वाकली ती वाकलीच, आणि पारा माझ्या गळ्याच्या वेळी चढला होता तिथपर्यंत पुन्हा कधी गेला नाही. मटका फळीवर उपडा ठेवला तो तसाच. दादा त्यानंतर जेवताना भट्टीची ती गोष्ट सांगत नाही. कुणी पाहुण्यानं विषय काढलाच तर पाणी प्यायला उठतो.

त्यालाही आता बरीच वर्षं झाली. कारखान्यात नव्या भट्ट्या आल्या, आम्हाला मोठं क्वार्टर मिळालं, माझं लग्न झालं. वहिनीचा आजार तेव्हापासून निजलेला आहे आणि महिन्याच्या पहिल्या मंगळवारी आम्ही दोघं त्याच्या तोंडाला माती लिंपून येतो. पाऊस असो, संप असो, माझी सासू आलेली असो. परवा ती अंगणात तीन बोटांनी लुगडं पिळत होती आणि उरलेल्या दोन बोटांची कसर तोंडानं भरून काढत बकरीच्या नातीला झोडपत होती. मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी जवळ जाऊन विचारलं, "वहिनी, तेव्हाचा आमच्यावरचा राग गेला का हो?"

तिनं लुगडं दोरीवर टाकलं. वाकड्या बोटांनी त्याची सुरकुती काढायचा प्रयत्न केला, ती निघाली नाही, मग डाव्या हातानं काढली.

"उद्या मंगळवार हाय," ती म्हणाली. "चाकात हवा भरून ठेवा."