इराला आणायला कोण जाणार?

पृथ्वीवरची सगळी माणसं दमून खाली बसली, तरी माझी धाकटी काकू उभीच राहील. हे मी थोडं वाढवून सांगते आहे, पण काकूला ते शोभतं. ती चहा चालत चालत पिते, जेवताना दोन घासांमध्ये गोठ्यात जाऊन येते, आणि जीपमध्ये बसली तर आपलं गाव यायच्या कितीतरी आधी दारापाशी सरकते. पवनेच्या काठी तंबूत राहायला येणाऱ्या पर्यटकांना ती पिठलं-भाकरी करून देते. एक भाकरी तव्यावर, दुसरी हातावर आणि लक्ष तिसरीकडेच.

अशा बाईला पुस्तक वाचून दाखवणं किती अवघड, ते मलाच माहीत. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. त्यामुळे लोणावळ्याहून मी काय वाचायला आणते ते ऐकण्याचा हक्क काकूनं आपणहून घेतला होता. एकदा मी एक अंतराळकथा आणली. त्यातलं यान एका ओसाड चंद्रावर बिघडतं. सगळ्यांना घेऊन ते उडणार नसतं, म्हणून यानाची यंत्रं सांभाळणारी इरा मागे राहते. तिचा सख्खा भाऊच कप्तान. 'तुला न्यायला येतो' असं सांगून तो निघून जातो.

काकू चुलीपासून अंगणात, अंगणातून गोठ्यात. आणि मी पुस्तक धरून मागे मागे, मोठ्यानं वाचत. अर्धी कथा म्हशीनंही ऐकली असावी.

"आला का गं तिचा भाव?" काकू रोज विचारायची.

"अजून नाही."

"बायकूनं अडवलं आसंल."

"काकू, त्याचं लग्नच झालेलं नाही."

"मंग काय धाड भरलीया त्याला?"

एका पर्यटकानं आपण इंजिनिअर असल्याचं सांगितलं, तेव्हा काकूनं पिठल्याचं पातेलं हातात धरूनच त्याला गाठलं. "दादा, चंद्रावरनं मानूस आनायचं तर किती दिस लागत्यात?"

तो विचार करून म्हणाला, "कुठला चंद्र, त्यावर आहे."

"ज्याच्यावर भाव जाईना, त्यो."

त्याला पिठलं मिळायला बराच वेळ लागला.

मला हसू यायचं, पण पुरतं नाही. आमच्याकडे सणाला लेकीला माहेरी न्यायला मुराळी येतो, भाऊ किंवा भावाचा मुलगा. तो आल्याशिवाय जायचं नाही, असा रिवाज. काकूचं माहेर परंदवडीचं. तिथल्या तिच्या भावानं रस्त्याकडेची जमीन विकली, तेव्हा काकूनं त्याला चारचौघांत बोल लावला होता. तेव्हापासून मुराळी यायचा थांबला. दिवाळी जवळ आली की जीपचा हॉर्न ऐकून ती उगाच रस्त्यापर्यंत जाऊन यायची. घरात कुणी त्यावर बोलत नसे.

शेवटचं प्रकरण दिवाळीच्या तोंडावरच आलं. मला ते वाचवत नव्हतं. चंद्रावरची हवा संपत जाते, इरा आकाशाकडे बघत राहते, यान येत नाही.

"येडीच हाय," काकू म्हणाली. "वाट बगत र्‍हायली."

"ती कशी जाणार, काकू? तिच्याकडे यान कुठं होतं?"

काकूनं माझ्याकडे पाहिलं. "तिला नव्हतं. मला कामशेतपातूर जीप हाय की."

भाऊबीजेला आम्ही दोघी परंदवडीला गेलो. तिचा भाऊ दारातच होता. हात कुठे ठेवावेत, हे त्याला कळेना.

"आक्का! मी येनारच व्हतो."

"त्यो कप्तान बी आसंच म्हनला व्हता."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"कोन कप्तान ठावं न्हाई," तो म्हणाला, "पर तू तोंड फिरवशील म्हनून भ्या वाटायचं."

मग ओवाळणं झालं.

परतताना जीपमध्ये काकूनं हळूच विचारलं, "इराचा भाव बी आसाच आसंल का गं? ती रागावली आसंल म्हनून गेला नसंल?"

पुस्तकात तसं काही लिहिलेलं नव्हतं.

"असेल," मी म्हणाले.

"मंग लय वाईट झालं बग," काकू म्हणाली. "दोगांचं बी."