पडली ती डावी रांग

डावीकडचे चौदा कडुनिंब आडवे, उजवीकडचा एकही नाही. वादळानंतर तिसऱ्या दिवशी मी शिरूरजवळच्या एका जुन्या शेतकी शाळेत उभा होतो आणि मला हे कोडं सुटेना. वारा उजवीकडून आला होता. मग आडोशाला असलेली रांग का पडली?

मी बागांचा कन्सल्टंट. इथली दगडी पायवाट शाळेइतकीच जुनी, पहिल्या बॅचच्या मुलांनी श्रमदानानं बांधलेली. तिच्या कडेची मूळची झाडं म्हातारी होऊन गेली, तेव्हा दोन्ही बाजूंना एकाच नर्सरीतली रोपं मीच लावली. त्याला बारा वर्षं झाली. आता झाडं पडताना मुळांनी वाटेचे दगड उपटले होते, म्हणून मला परत बोलावलं.

प्राचार्यांनी कारण आधीच शोधून ठेवलं होतं. माळी आप्पा थकले, पाणी देत नाहीत, मुळं सुकली. महिनाअखेर त्यांना घरी बसवायचंय, रिपोर्ट तसा द्या, असं त्यांनी चहा पाजता पाजता सांगितलं.

मी पडलेल्या झाडाशी उकिडवा बसलो. मुळं सुकलेली नव्हतीच. चांगली ओली होती, पण सगळी खोडाशी गोळा झालेली, आणि त्यांच्यात ठिबकची नळी गुरफटलेली. उजवीकडे नळीच नव्हती. आप्पांना विचारलं, इकडे पाणी कसं देता?

"ह्या बाजूला पाईप पुरला न्हाई तवा. मग म्या खोडापासनं लांब आळी केली आन् आठवड्यातनं एकदा मोटर लावून तुडुंब भरत आलो. निमोण्याला आमच्या रानात तसंच करतो."

"आणि डावीकडे?"

"रोज अर्धा तास कॉक सोडायचा. तुमीच चार्ट लावून दिलाय की, साहेब."

रोज खोडाशी थोडं थोडं पाणी मिळालं की मुळं खोल जायचे कष्ट घेत नाहीत. झाड वाढेल तशी नळी बाहेर सरकवायची असते. हे मी प्रत्येक ट्रेनिंगमध्ये सांगतो. चार्टवर लिहायला विसरलो होतो, आणि आप्पांनी बारा वर्षं तो चार्ट इमानेइतबारे पाळला होता.

सगळं आप्पांवर ढकलणं सोपं होतं. एक अख्खा दिवस मी तो विचार केलाही, आजही त्याची लाज वाटते. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट दिला.

"मग चूक कुणाची?" प्राचार्यांनी विचारलं.

"माझी. आप्पांनी त्यांच्या पद्धतीनं वाढवलेली रांग उभी आहे."

आप्पांची नोकरी राहिली. पाच झाडं छाटून, जेसीबीनं उभी करून टेकू दिले, त्यातली चार जगली. बाकी ठिकाणी नवी लावली. दगडांना नंबर घालून वाट होती तशी बसवली. शाळेनं पुढचं काम मात्र दुसऱ्या कन्सल्टंटला दिलं, ते बरोबरच होतं.

निघताना आप्पांना विचारलं, दोन बाजूंतला फरक तुम्हाला कधी दिसला नाही का?

"दिसायचा की. डावीकडचं झाड हातानं ढकललं तरी हलायचं. पण तुमी शिकल्याली माणसं. म्हनलं, असंल त्यात काय तरी."

आता नवीन बाग लावली की वर्षभरात मी पुन्हा तिथं जातो आणि माळ्याला आधी विचारतो, तुम्ही घरच्या रानात पाणी कसं देता?