मेलेल्या शेठजींचा चहा

साठीत मला कादंबरीकार व्हायची लहर आली. खरं तर मला वाचक हवे होते, कारण घरातलं कुणी माझं बोलणं दोन वाक्यांच्या पुढे ऐकत नव्हतं. म्हणून एक रहस्यकथा लिहिली आणि मोबाइलवरून स्वतःच तिचं ई-बुक करून टाकलं. संपादक नको, प्रकाशक नको. तेव्हाची मी भारीच शहाणी!

कथा अमळनेरच्या एका तेलगिरणीवाल्या शेठजींच्या खुनाची. मुखपृष्ठावर मात्र बर्फात उभी सोनेरी केसांची बाई, कारण ते चित्र फुकट होतं. जळगावच्या उन्हाळ्यात तिच्याकडे बघून निदान गार तरी वाटायचं.

हिवाळ्यात शेतावर भरीत पार्टी झाली. कापसाच्या काड्यांवर वांगी भाजून भरीत तयार झालं. पळी माझ्या हातात होती. "आधी माझ्या पुस्तकाला पाच तारे, मग भरीत." सगळ्यांनी मुकाट्याने मोबाइल काढले. दीरांनी तर अभिप्रायही लिहिला, 'अप्रतिम, चव छान.'

पंधरा दिवस मी हवेत. मग दोन तारे आले, धुळ्याच्या थोरल्या नणंदेचे. त्या पार्टीला नव्हत्या. मी तडक फोन लावला.

"अक्का, घरच्या माणसाने असं करावं?"

"का वं, तुझा शेठ तिसऱ्या प्रकरणात मेला ना? मग नवव्यात चहा कसा पितो? भूत शे का तो?"

"एवढ्या बारकाईने कोण वाचतं?"

"मी बठ्ठं वाचलं, पहिल्या पानापासून शेवटापर्यंत. आणि त्या फौजदाराला दर पानावर घाम फुटतो. डॉक्टरला दाखव त्याला."

मी पुस्तक उघडलं. लिहिल्यानंतर पहिल्यांदाच वाचत होते. शेठजी खरंच चहा पीत होते, वर बिस्किटही मागत होते. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. पाच तारे देणाऱ्यांपैकी एकानेही शेठजींना हटकलं नव्हतं. वाचलं होतं ते एकट्या अक्कांनी.

पुस्तक काढून टाकलं. वर्षभर बसून पुन्हा लिहिलं आणि या खेपेला सगळ्यांच्या आधी धुळ्याला पाठवलं. चार दिवस कसेबसे काढले, मग राहवेना.

"अक्का, कसं वाटतंय?"

"ठेव फोन! फौजदार विहिरीत वाकलाय आणि त्याच्या मागे कोणीतरी उभं शे."

नणंदेने फोन आपटला आणि भावजयीला आनंद झाला, असं आमच्या घराण्यात पहिल्यांदाच घडलं.