मोहोपाड्याच्या रिक्षातला धूर

मोहोपाड्याहून निघालेल्या शेअर रिक्षात ती माझ्या शेजारी बसली होती. कोवळी बाळंतीण, गाऊनवर ओढणी, कानांवरून घट्ट बांधलेलं फडकं, मांडीवर बाळ. पलीकडे तिची आई. सकाळपासून तिचं डोकं ठणकतंय म्हणून दोघी दवाखान्यात निघाल्या होत्या.

"वारं लागलंय, दुसरं काय नाय," असं म्हणून आईने फडक्याची गाठ आणखी आवळली.

तेवढ्यात ती म्हणाली, "किती धूर झालाय गं आये!"

आमच्या कारखान्यांच्या गावात धुराचं नाव निघालं की कुणी खात्री करत बसत नाही. आम्ही नाकाला रुमाल लावले, रिक्षावाल्याने पडदे सोडले. ती मात्र डोळ्यांपुढे हात हलवून धूर बाजूला सारत राहिली. मग बाळाच्या डोळ्यांत जाऊ नये म्हणून तिने ओढणी पसरली, आणि अगदी जपून माझ्या मांडीवरच्या पिशवीवर पांघरली.

मी रुमाल काढला. वास कसलाच नव्हता. पडदा उचलला, तर बाहेर लख्ख ऊन.

"आये, धूर वाढतोय," ती म्हणाली. तिचे डोळे फिरले, अंग ताठ होऊन झटके देऊ लागलं. बाळ मी कसंबसं धरलं.

दवाखान्यातल्या नर्सने सांगितलं, बाळंतपणानंतरही रक्तदाब चढून त्याचा परिणाम मेंदूपर्यंत जाऊ शकतो. आधी डोकं, मग नजर, मग झटके. तिला लगेच मोठ्या दवाखान्यात हलवलं. पुढचं मला कळलं नाही.

तेव्हापासून धूर दिसला की माझा हात रुमालाकडे जात नाही. मी आधी शेजारच्या माणसाला विचारते, "तुम्हालाही दिसतोय ना?"